जळालेली कागदपत्रं, नष्ट केलेली कागदपत्रं

एका रेकॉर्ड ऑफिसने एका माजी सैनिकाला धाडलेल्या उत्तराची झेरॉक्स या आठवड्यात माझ्या हाती आली. ती वाचल्यापासून मी संतापलो आहे, आणि तो संताप लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

अर्जदार १९७१च्या डिसेंबरात पूर्व आघाडीवर होते. वय आता पंच्याहत्तरीच्या पुढे. त्यांच्या डिस्चार्ज बुकात मेडलांच्या रकान्यात निळ्या शाईने दोन नोंदी आहेत : संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं मेडल. त्याखालची ओळ कोरी आहे. तिथे ‘पूर्वी स्टार’ हवा होता. वर्धापनदिनाचं मेडल १५ ऑगस्ट १९७२ रोजी नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं. संग्राम मेडल लढाईच्या काळातल्या सेवेबद्दल मिळालं. हा माणूस प्रत्यक्ष पूर्वेच्या रणभूमीवर होता हे सांगणारं मेडल एकच, आणि नेमकं तेच त्यांच्या नावावर नाही.

नातवाने अर्ज केला. उत्तराचा सारांश असा : आपली सेवेची कागदपत्रं ठरलेली मुदत संपल्यावर नष्ट करण्यात आली आहेत, पूर्वी स्टारची पार्ट टू ऑर्डर आपल्याकडे असल्यास तिची प्रत जोडून पुन्हा अर्ज करावा.

ज्यांनी फौजेत दिवस काढले आहेत त्यांना या मागणीतला अन्याय समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच सांगतो. जवानाच्या आयुष्यात काहीही घडलं, म्हणजे लग्न झालं, मूल झालं, बढती मिळाली, मेडल मिळालं, की पलटणीच्या ऑफिसात त्याची पार्ट टू ऑर्डर निघते. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथे त्याच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रकावर, नोंद चढते. ऑर्डर काढायची पलटणीने, पोचवायची पलटणीने, चढवायची रेकॉर्ड ऑफिसने. या साखळीत जवानाचं काम कुठेच नाही. तो त्या वेळी खंदकात असतो. साखळीतली एखादी कडी निसटली, तर पन्नास वर्षांनी ती शोधून आणायची जबाबदारी मात्र त्याच्यावर येते.

आता कागद नष्ट करण्याचा नियम. पेन्शन घेणाऱ्या सैनिकाची कागदपत्रं जपली जातात. ज्याची पेन्शनला लागणारी १५ वर्षं भरली नाहीत, तो ‘नॉन-पेन्शनर’. त्याचे कागद सुटल्यानंतर २५ वर्षांनी नष्ट करायला आर्मी रेग्युलेशन्सच्या ५९५व्या परिच्छेदाची मुभा आहे. मागे उरतो तो लाँग रोल, म्हणजे त्याच्या नोकरीची त्रोटक नोंद. आमचे हे अर्जदार घरच्या अडचणीमुळे लवकर सुटून आले आणि नॉन-पेन्शनर ठरले. युद्धात ते होते, पण युद्धाच्या कागदात उरले नाहीत.

कागद नसले की काहीच करता येत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी सेंट लुईसची हकीकत जरूर समजून घ्यावी. अमेरिकेतलं सगळंच चांगलं असतं असं मानणाऱ्यांतला मी नाही, हे नेहमीचे वाचक जाणतात. पण या एका प्रश्नावर याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, सेंट लुईसजवळ, सैनिकांच्या वैयक्तिक फायलींचं राष्ट्रीय केंद्र होतं. १२ जुलै १९७३ला त्याच्या सहाव्या मजल्याला आग लागली. इमारत प्रचंड, पण पाण्याचे फवारे नव्हते आणि मजला विभागणाऱ्या आगरोधक भिंतीही नव्हत्या. आग पुरती विझायला चार दिवसांहून जास्त लागले. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली त्यात होत्या, आणि हवाई दलाच्याही लाखो. दोन्ही महायुद्धं आणि कोरियाची लढाई त्या काळात येते. दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती, कोणाच्या फायली होत्या त्याची यादीसुद्धा नव्हती.

यानंतर तिथल्या सरकारने काय केलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. भिजलेले, कडा जळलेले कागद दुधाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये भरले आणि मॅकडॉनेल डग्लस या विमान कंपनीच्या निर्वात कक्षात सुकवले. हा कक्ष मर्क्युरी आणि जेमिनी अंतराळ मोहिमांच्या चाचण्यांसाठी वापरला गेलेला होता. त्यातून सुमारे ६५ लाख फायली वाचल्या. त्या वेगळ्या ठेवल्या गेल्या आणि आजही हातमोजे घालून हाताळल्या जातात.

त्याहून महत्त्वाचं काम पुढचं. ज्यांची फाइल राखच झाली त्यांची नोंद दुसऱ्या कागदांवरून पुन्हा उभी करायची, असं ठरलं. सैनिक सुटताना त्याला दिलेल्या शेवटच्या पगाराची व्हाउचर दुसऱ्या खात्याकडे होती. अशी १ कोटी ९० लाख व्हाउचर जमवली. माणूस कोण, नंबर काय, सुटला कधी, हे त्यांवरून ठरू लागलं. सक्तीच्या भरतीची रजिस्टरं, राज्य सरकारांकडची कागदपत्रं, माजी सैनिकांच्या खात्याकडचे जुने दावे, भरतीच्या आणि सुटण्याच्या वेळचे एक्सरे, सगळं कामाला लावलं. १९८८मध्ये लष्करी इस्पितळांतल्या भरतीच्या नोंदींच्या संगणकीय टेपा सापडल्या, तर त्याही लगेच या कामात आल्या. आगीला तोवर १५ वर्षं होऊन गेली होती. ‘आता कुठे ते जुनं उकरायचं’ असं कोणी म्हटलं नाही.

आणि ज्याची फाइल जळाली त्या म्हाताऱ्या सैनिकाला ते काय विचारतात? एक फॉर्म देतात. कोणत्या युनिटमध्ये होतात, कुठे होतात, केव्हा भरती झालात, केव्हा सुटलात, हे आठवेल तेवढं लिहा, म्हणतात. जवळ काही कागद असला तर उत्तम, नसला तरी दार बंद होत नाही. पुढचा शोध कार्यालयाचा. हक्क सिद्ध झाला की त्याच्या सेवापत्राला दुरुस्तीपत्र जोडलं जातं आणि मेडल घरी येतं. सैनिकाकडून त्याचे पैसे घेत नाहीत.

या व्यवस्थेमागे एक जुना कायदा आहे. १९४६पर्यंत तिथे सैनिकाच्या नोंदीतली चूक सुधारायची तर संसदेत त्या एका माणसासाठी खासगी विधेयक आणावं लागे. संसदेनेच ते थांबवलं आणि नोंदी सुधारण्यासाठी प्रत्येक दलाला नागरी मंडळं नेमून दिली. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम आहे, पण न्यायासाठी गरज असेल तर मुदत बाजूला ठेवायचा अधिकार त्याच कायद्याने मंडळाला दिला आहे. दुसऱ्या महायुद्धात ज्या पायदळ सैनिकाला कॉम्बॅट इन्फन्ट्रीमॅन बॅज मिळाला होता, तो ब्राँझ स्टारलाही पात्र आहे, असं १९४७मध्येच ठरवून टाकलं. बॅज लढाईत असणाऱ्यालाच मिळतो, मग तोच पुरावा पुन्हा कशाला मागायचा, एवढा साधा विचार त्यात होता. त्या एका निर्णयाच्या आधारावर पुढे कित्येक दशकं म्हातारे सैनिक आणि त्यांची मुलं नोंद दुरुस्त करून घेत राहिली.

तिथेही वाट पाहावी लागते. करोनाच्या काळात सेंट लुईसच्या केंद्रात तुंबलेल्या अर्जांची संख्या सहा लाखांच्या घरात गेली होती. मंडळं अर्ज फेटाळतातही. पण मूळ भूमिका हलत नाही : नोंद ठेवणं सरकारचं काम होतं, म्हणून ती पुन्हा उभी करणंही सरकारचंच काम.

त्यांचे कागद अपघाताने जळाले, आपले नियमाने नष्ट झाले. ज्यांच्याकडे राख उरली ते ५० वर्षं शोधत राहिले. आपल्याकडे आग लागली नाही, तरी आपण हात वर केले. ही तुलना मला टोचते.

आणि आपल्याकडे शोधायला काहीच नाही असंही नाही. शौर्यपदकासाठी कोणी पाहिलेलं असावं लागतं, शिफारस लागते. सेवेचं मेडल मात्र हजेरीवर मिळतं. त्याला दोन गोष्टी पुरतात : हा माणूस त्या तारखांना त्या पलटणीत होता, आणि ती पलटण त्या तारखांना त्या भागात होती. पहिली गोष्ट लाँग रोल, डिस्चार्ज बुक आणि पगाराच्या जुन्या हिशेबातून जुळवता येते. दुसरी तर इतिहासाची गोष्ट आहे. १ मराठा लाइट इन्फन्ट्री डिसेंबर १९७१मध्ये पूर्व आघाडीवर जमालपूरला होती की नाही, हे त्या पलटणीतल्या शिपायाने सिद्ध करून दाखवायचं का? ‘जमालपूर’ हा त्या पलटणीचा बॅटल ऑनर (युद्धसन्मान) आहे, तो सरकारनेच दिला आहे. लढाईत पलटणीने वॉर डायरी लिहायची असते. या डायऱ्या संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे सोपवाव्यात, त्या जपाव्यात आणि साधारण २५ वर्षांनी खुल्या कराव्यात, असं धोरण जून २०२१मध्ये मंत्रालयानेच जाहीर केलं. इतिहास लिहिण्यासाठी जी डायरी उघडायची, ती इतिहास घडवणाऱ्या शिपायासाठी का उघडू नये?

महाराष्ट्रात हा प्रश्न दूरचा नाही. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, गार्ड्सचं कामठीला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावात. आपल्या गावांतल्या हजारो घरांचे कागद या चार-पाच ठिकाणच्या कपाटांत आहेत, किंवा होते.

जमिनीच्या बाबतीत आपल्या राज्याने ही अक्कल दाखवली आहे. सातबाऱ्यावर लेखनाची चूक राहिली तर महसूल अधिनियमाच्या १५५व्या कलमाखाली ती कधीही दुरुस्त करता येते. कायद्यातच ‘कधीही’ म्हटलं आहे. गुंठाभर जमिनीच्या नोंदीला जे संरक्षण आहे, ते युद्धात उतरलेल्या माणसाच्या नोंदीला नाही.

माझा जुना हट्ट इथे पुन्हा मांडतो. जवान सुटताना त्याच्या शीट रोलची संपूर्ण प्रत त्याच्या हातात द्या आणि प्रत्येक पान त्याला वाचून दाखवून सही घ्या. गेल्या वर्षी बायकोच्या नावाच्या स्पेलिंगवरून अडलेल्या फॅमिली पेन्शनींवर लिहिलं, तेव्हाही हेच म्हटलं होतं. मेडल राहिलं, स्पेलिंग चुकलं, जन्मतारीख हुकली, या सगळ्या चुका त्या एका दिवसात पकडता येतात. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत अशी तक्रार घेऊन आलेलं अधिकाऱ्याचं पत्र क्वचितच असतं. येतात ती शिपाई, नाईक, हवालदार यांची, नाहीतर त्यांच्या विधवांची. ज्याला इंग्रजी फॉर्म वाचता येत होता त्याने आपली नोंद वेळीच पाहून घेतली. ज्याला येत नव्हता त्याने साहेबांवर विश्वास ठेवला. त्या विश्वासाची किंमत त्याने आता मोजावी, हे मला मान्य नाही.

काहींचं म्हणणं असतं की या मेडलांना पैसे नाहीत, मग म्हातारपणी एवढा आटापिटा कशाला? पैसे नाहीत हे खरं. पण नुसतं मेडल हवं असतं तर छावणीबाहेरच्या कोणत्याही दुकानात ते मिळतं. सैनिक त्यासाठी अर्ज करत नाही. त्याला सरकारने आपल्या तोंडाने ‘हा माणूस तिथे होता’ असं म्हणायला हवं आहे. सरकारी मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. दुकानातल्या मेडलची कड कोरी असते. ज्याने ही कड एकदा बोटाने चाचपली आहे, त्याला हा फरक सांगावा लागत नाही. शिवाय लढाईच्या काळातली जखम किंवा आजार घेऊन कोणी अपंगत्वाच्या पेन्शनसाठी उभा राहिला, तर तो त्या मुलखात होता याचा हाच साधा आधार असतो.

हे सगळं आत्ताच लिहिण्याला आणखी एक कारण आहे. अग्निपथ योजनेतली पहिली तुकडी जानेवारी २०२३च्या सुमारास प्रशिक्षणाला गेली. त्यांची चार वर्षं संपली की चारातले फार तर एक जण फौजेत राहणार. बाकीचे परत येतील, तेही पेन्शनविना. मे २०२५च्या ऑपरेशन सिंदूरमध्ये अग्निवीरही होते. त्यांच्या कागदांना जुना २५ वर्षांचा नियम लागला, तर पन्नाशीच्या सुमारास या मुलांच्या सेवेची कागदपत्रं कपाटातून गेलेली असतील. आज एका पंच्याहत्तरीतल्या माणसाला जे उत्तर मिळालं, ते उद्या गावोगावच्या हजारो तरुणांना मिळेल.

म्हणून मागण्या तीन आहेत. पहिली, युद्धात किंवा मोहिमेत भाग घेतलेल्या कोणत्याही सैनिकाची कागदपत्रं, पेन्शनर असो वा नसो, कधीही नष्ट करू नयेत. ५९५वा परिच्छेद तसा बदलावा, आणि पहिली अग्निवीर तुकडी बाहेर पडण्याआधी बदलावा. दुसरी, कागद आधीच नष्ट झाले असतील तर पलटण, तारीख आणि ठिकाण एवढं अर्जदाराने सांगावं. बाकीचा शोध लाँग रोल, पगाराचे हिशेब आणि वॉर डायरी यांतून रेकॉर्ड ऑफिसने घ्यावा आणि नकार द्यायचा तर काय काय तपासलं ते लिहून द्यावं. तिसरी, सेवेच्या मेडलांच्या अर्जासाठी कोणालाही सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाची पायरी चढायला लावू नये. पंच्याहत्तरीच्या माणसाला वकील करायला लावणं हाच एक प्रकारचा नकार आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी डिस्चार्ज बुक आहे त्यांनी ते आज काढावं आणि मेडलांचा रकाना वाचावा. वडील, आजोबा हयात असतील तर त्यांना पलटण, गावं, तारखा विचारून लिहून घ्यावं. ओळ कोरी असेल तर स्पीड पोस्टाने रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा, त्याची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्यावी आणि पोच जपून ठेवावी. नकाराचं उत्तर आलं तर ते मला पाठवावं. एकाच्या अर्जाला नकार देणं सोपं असतं. शेकडो घरांची उत्तरं एकत्र करून संरक्षण मंत्रालयासमोर ठेवली, तर नियम बदलण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.