फिरत्या घराचे पाय

मागील लेखांकांत विहिरीवरील पंपाविषयीं लिहिलें, तेव्हां पाण्याऐवजीं तेल ढकलणाऱ्या पंपाविषयींही कांहीं लिहावें, असें एका वाचकभगिनींनीं सुचविलें होतें. अशा एका पंपाशीं गेल्या वर्षीं ऑक्टोबरांत, अमेरिकेंत चिरंजीवांकडे असतां, माझी गांठ पडली. तो प्रसंगच येथें देतों.

चिरंजीवांनीं एक जुनें मोटारहोम विकत घेतलें आहे. चूल, बिछाने, न्हाणी, रेफ्रिजरेटर यांसह चालणारें हें घर घेऊन आम्ही पांच जणें ॲरिझोनांतील ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कांठीं मुक्कामास उतरलों. समुद्रसपाटीपासून उंची सुमारें ७,००० फूट. दिवसां ऊन आणि रात्रीं कडाक्याची थंडी. मुक्कामाच्या जागीं असें घर समतल करावें लागतें, आणि तें केवळ निजणाऱ्याच्या सोयीसाठीं नव्हे. अमोनियावर चालणारा रेफ्रिजरेटर तिरका राहिला तर आंतील द्रव नीट फिरत नाहीं व तो कायमचा बिघडूं शकतो. म्हणून गाडीखालीं चार तेलाचे जॅक बसविलेले असतात. आमचा नातू त्यांस पाय म्हणतो; मीही तोच शब्द वापरतों.

संध्याकाळीं पाणसळ ठेवून घर सपाट केलें होतें. पहांटे जाग आली तों माझें डोकें खालीं व पाय वर! मागचा डावा पाय चांगला तीन बोटें खचला होता. थंडीनें तेल आकसतें व घर किंचित् बसतें हें खरें. पण आकसावयाचें तर चारही पायांतील आकसेल. एकच पाय खचतो तेव्हां दोष त्याच्याच वाटेवर शोधावा.

चिरंजीव पाना घेऊन गाडीखालीं शिरूं लागले. मीं दंडास धरून त्यांस मागें ओढलें. आठ-नऊ टनांचें ओझें तेलाच्या दाबावर तोललेलें, तें तेल कोठून तरी निसटत आहे हें ठाऊक, आणि त्याखालीं आपण शिरावयाचें! "बाबा, दोन मिनिटांचें तर काम आहे." "अरे, नळी सुटावयास तेवढींही लागत नाहींत!" थोडी बोलाचाली झाली, सूनबाई माझ्या बाजूस आल्या, आणि चारही पाय वर घेऊन गाडी चाकांवर आली. चाकांस ठोकळे लाविले, मगच पुढचा विचार.

रचना सोपी आहे. बॅटरीवरील मोटर पंप फिरविते, पंप टांकींतील तेल नळ्यांवाटे सिलिंडरांत ढकलतो, व दट्ट्या खालीं उतरतो. पास्कलचा नियम आपण शाळेंत शिकतों, तोच येथें राबतो. प्रत्येक पायाच्या वाटेवर विजेनें उघडणारी एक झडप असते. ती मिटलेली असतां तेल कोंडून राहतें. उघडली कीं स्प्रिंगा पायास वर ओढतात व तेल टांकींत परततें. (सर्वच गाड्यांत स्प्रिंगा नसतात, आमच्या गाडींत होत्या.)

प्रथम टांकी पाहिली. तेल नेहमीं पाय वर असतांनाच मोजावें. पाय खालीं असतां टांकी भरली तर परत येणारें तेल बाहेर सांडतें. तेल पुरेसें होतें. नळ्यांवर ओल नव्हती, दट्ट्याचा दांडाही कोरडा. म्हणजे तेल बाहेर न जातां आंतल्या आंत टांकींत परतत होतें. चारही पाय सुस्तावले असते तर बॅटरी व तिचे गंजलेले जोड तपासले असते. येथें तें कारण नव्हतें. उरली झडप. चिरंजीव लगेच नवी मागवावयास निघाले. पण संशय म्हणजे निश्चय नव्हे, आणि झडप स्वस्तही नव्हे.

आमच्या नैयायिकांचा अन्वयव्यतिरेक येथें कामास आला. झडप जेथें जाईल तेथें दोष जात असेल, व जेथून निघाली तेथें उरत नसेल, तरच ती अपराधी. झडपा गाडीच्या कुशींतील कप्प्यांत पंपाशेजारींच होत्या, खालीं शिरण्याचें कारणच नव्हतें. पाय वर व दाब उतरलेला असतां, भोंवतालची धूळ पुसून, मागच्या डाव्या व उजव्या पायांच्या झडपांची अदलाबदल केली. त्या रात्रीं मला झोंप कसली! पहांटे उजवा पाय खचलेला, डावा जागच्या जागीं.

झडप उघडतां तिच्या बैठकींत केसाएवढा कचरा सांपडला. धुऊन बसविली, तरीही ती थोडी गळतच राहिली. शेवटीं नवी मागविली. ती येईतों चाकांखालीं फळ्या घालून घर सपाट करीत असूं. एरवींही उतार फार असेल तर फळ्याच बऱ्या. पायांच्या जोरावर मागचीं चाकें उचलूं नयेत, कारण बहुतेक अशा गाड्यांचा हँडब्रेक त्यांच्यावरच लागतो, व तीं अधांतरीं झालीं कीं गाडी पायांवरून घसरूं शकते.

पाय वर आले कीं चालकापुढील तांबडा दिवा मालवतो. तरी निघण्यापूर्वीं नातू खालीं उतरून भोंवतीं फेरी घाली, आणि "चारही वर!" असें ओरडल्याखेरीज बापास गाडी सुरू करूं देत नसे.