खालची पायरी

माणूस जन्मात एकदाच चालायला शिकतो, अशी आपली समजूत असते. वर्षाच्या आसपास पहिले पाऊल पडते, घरात कौतुकाला भरते येते, आणि पुढे ही विद्या आपल्याला कोणी शिकवली हेही आठवत नाही. आमच्या आत्याने मात्र ती दोनदा संपादन केली. पहिल्यांदा पांगुळगाडा धरून आणि दुसऱ्यांदा, वयाच्या ७६ व्या वर्षी, वॉकर धरून. या दुसऱ्या शिकवणीला मी हजर होतो.

आत्या पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. जिना लाकडी, पायऱ्या ३४. २०२२ च्या श्रावणात ती मोरीत घसरली आणि खुब्यापाशी हाड मोडले. मांडीच्या हाडाची मान अशी मोडली, म्हणजे वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते. म्हणून उतारवयात पुष्कळदा तो गोळाच काढून धातूचा बसवतात. आत्यालाही बसवला. "जन्मभर दागिना केला नाही, शेवटी हाडालाच घडवला म्हणायचा!" असे ती शुद्धीवर आल्यावर म्हणाली, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी फिजिओथेरपीची मुलगी आली आणि आत्याला उभी करू लागली. माझ्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. पण त्या मुलीचे म्हणणे रोखठोक होते. पडून राहिले की पायांच्या शिरांत गुठळ्या होतात, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात आणि स्नायू दिवसागणिक झिजतात. "हाड डॉक्टरांनी बसवलं, आजी. चालणं मात्र तुमचं तुम्हालाच परत मिळवायचंय."

नंतर आत्या आमच्या घरी आली. वीस वर्षे मुलांना व्याकरण शिकवणारा मी आता चालण्याचे व्याकरण शिकू लागलो. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. कर्ता, कर्म, क्रियापद! पण वाक्यातला क्रम बदलला तर निदान अर्थ तरी लागतो. इथे माणूसच कोसळायचा. मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही, पाटावर तर नाहीच नाही. पुढे काठी आली. ती दुखऱ्या बाजूच्या हातात धरायची, असे बहुतेकांना वाटते. खरे म्हणजे ती दुसऱ्या हातात हवी. दुखऱ्या पायावर भार येतो त्याच क्षणी पलीकडे काठी टेकते आणि खुब्यावरचा ताण वाटून घेते.

सहा आठवडे सारे सुरळीत चालले होते. मग एका रविवारी नातेवाईक जमले आणि चहाबरोबर निर्णय झाला: वाड्यातली खोली सोडायची. या वयात दोन मजले चढायचे म्हणजे काय! सगळे प्रेमानेच बोलत होते. आत्या काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने व्यायाम केला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"आत्या, पाय दुखतोय का?" मी विचारले.

"पाय कशाला दुखतोय! पण चालून जायचं कुठं रे? तुझ्या या खोलीतून तुझ्या स्वयंपाकघरात?"

मी त्या मुलीला फोन केला आणि जिना शिकवायला बोलावले.

जिन्याचा नियम सोपा आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि सोबत्याने चढताना मागे राहायचे, उतरताना पुढे. म्हणजे दोन्ही वेळा त्याची जागा खालच्या पायरीवर! दंडाला धरून ओढायचे नाही. तोल गेलाच तर कमरेला आधार द्यायचा. आमच्या दाराच्या तीन पायऱ्यांवर आत्या रोज घोकंपट्टी करू लागली. तीनाच्या सहा झाल्या, सहाच्या बारा.

कार्तिकात आम्ही वाड्यावर गेलो. एका हातात काठी, दुसरा कठड्यावर. एकोणिसाव्या पायरीवर ती थांबली. धाप लागली होती. माझा हात आपोआप पुढे झाला.

"हात काढ," ती मागे न पाहता म्हणाली, "पडले तर धर."

मी हात मागे घेतला आणि खालच्या पायरीवर उभा राहिलो. उरलेल्या पंधरा पायऱ्या ती एकटी चढली.

आता मोरीत भिंतीला धरायला दांडे बसवले आहेत, एक किल्ली शेजारच्या काकूंकडे असते, आणि काठीचा उपयोग आत्या चालण्याइतकाच मला जाळी-जळमटे दाखवण्यासाठी करते. आपल्या घरी कुणावर असा प्रसंग आला, तर काठी कोणत्या हातात धरायची ते अवश्य शिकून घ्या. पण त्याआधी त्या माणसाला चालून कुठे जायचे आहे, तेवढे विचारा.