मृत वानराची खबर त्याच दिवशी मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. उपवनसंरक्षक, संबंधित वन विभाग

संदर्भ : यापूर्वीचे अर्ज व स्मरणपत्रे (पोच सोबत जोडली आहे)

महोदय,

कर्नाटकातील क्यासनूर जंगलात १९५७ साली प्रथम ओळखला गेलेला आणि २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा पट्ट्यात फैलावलेला माकडताप हा विभागास नवा नसल्याने, त्याची ओळख येथे करून देण्याचे प्रयोजन नाही. या रोगाच्या परिस्थितिकीवर, म्हणजे वानर, गोचीड, विषाणू आणि माणूस यांच्या जंगलातील परस्परसंबंधांवर, पीएच.डी.चे काम करणाऱ्या विद्यार्थिनीच्या अडचणी मात्र पुन्हा मांडाव्या लागत आहेत.

मुख्य तक्रार मृत वानरांबाबत आहे. वानर मरून कलेवर गार होऊ लागले की त्याच्या अंगावरील गोचिडी उतरून भोवतालच्या पाचोळ्यात पसरतात आणि काजू वेचणाऱ्यांना तोच तुकडा सर्वाधिक घातक ठरतो. म्हणून कलेवर सडण्यापूर्वी नमुना घेऊन तो बर्फात ठेवणे, कलेवर जाळणे व भोवती कीटकनाशक भुकटी टाकणे, ही कामे त्याच दिवशी व्हावी लागतात. प्रत्यक्षात गावकऱ्यांनी दिलेली खबर वनरक्षक, परिक्षेत्र कार्यालय आणि पशुवैद्यकीय दवाखाना अशी फिरत राहते. गेल्या शिमग्याच्या सुमारास काजूच्या बागेत मेलेले वानर परस्पर पुरण्यात आले. विद्यार्थिनी बर्फाची पेटी घेऊन पोहोचली तेव्हा तेथे ताजी माती आणि तिच्यावर रचलेले जांभ्याचे चिरे एवढेच होते. पंचनाम्यात मृत्यूचे कारण ‘वार्धक्य’ असे नमूद आहे. वयाचा अंदाज कशावरून बांधला, याचा उल्लेख नाही. त्यापूर्वीच्या बैठकीत ‘खबर थेट संशोधकांना दिली जाईल’ असे आश्वासन मिळाले होते, पावसाळ्यानंतर ते पुन्हा देण्यात आले, आणि त्यानंतरचे मृत वानरही नमुन्याविना पुरले गेले. ‘वरून पत्र आलेले नाही’ हे वनरक्षकांचे उत्तर खरे असल्यास, ते पत्र कोणाच्या टेबलावर अडले आहे, हे कळावे.

गोचिडीची निम्फ अवस्था, म्हणजे अळी व प्रौढ यांमधील खसखशीएवढी अवस्था, मुख्यतः डिसेंबर ते मे या काळात आढळते. सबब जंगलप्रवेशाच्या परवान्याचे नूतनीकरण हंगामापूर्वी व्हावे. मागील परवाना मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर हाती पडला.

स्थानिक मदतनिसांस ओळखपत्रे द्यावीत. नमुने ठेवण्यास तपासणी नाक्यावरील फ्रीज वापरू द्यावा.

थेट खबर देण्याबाबतचे परिपत्रक नोव्हेंबरअखेर काढून त्याची प्रत द्यावी. यापुढे तोंडी आश्वासन उत्तर म्हणून स्वीकारले जाणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आपले विश्वासू,
संशोधक विद्यार्थी व सहकारी