बाळ दचकते, की फिट येते?

सहा महिन्यांचे बाळ झोपेतून उठते. एकाएकी मान पुढे झुकते, दोन्ही हात बाजूला फेकले जातात, पाय पोटाशी ओढले जातात. सेकंद-दोन सेकंदांत सारे पूर्ववत होते. थोड्या वेळाने पुन्हा तसेच. एकामागून एक असे दहा-पंधरा झटके येतात, मध्येच बाळ रडते आणि मग शांत होते. घरात कुणी म्हणते दचकले, कुणी म्हणते पोटात वारा धरला. आजी मीठ-मोहरीने दृष्ट काढते. दवाखान्यात नेले तर बऱ्याचदा पोटदुखीचे थेंब मिळतात, कारण तिथे पोहोचेपर्यंत झटके थांबलेले असतात आणि बाळाला ताप नसतो.

हे दचकणे नसून फिट असू शकते. या आजाराला ‘इन्फंटाइल स्पाझम्स’ म्हणतात. तो बहुतेक वेळा तीन ते बारा महिन्यांच्या वयात सुरू होतो. फिट म्हटले की हातपाय कडक होणे, तोंडाला फेस येणे, डोळे फिरणे असे चित्र आपल्या मनात असते. या आजारातले झटके तसे दिसत नाहीत, म्हणून ते ओळखले जात नाहीत.

1841 साली विल्यम जेम्स वेस्ट या इंग्लंडमधील डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिले. त्यात त्यांनी आपल्या स्वतःच्या मुलाला येणाऱ्या अशाच झटक्यांचे बारकाईने वर्णन केले होते आणि इतर डॉक्टरांची मदत मागितली होती. मूल पुढे वाकते म्हणून या झटक्यांना तेव्हा ‘सलाम’ झटके असेही म्हटले गेले. जळवा लावणे, जुलाब देणे याखेरीज त्या काळी हाती काही नव्हते. आज उपाय आहेत, तरीही कित्येक बाळांचे महत्त्वाचे महिने निदानाविना निघून जातात.

हे महिने फार मोलाचे असतात. या बाळांच्या मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी काढला, तर बहुतेकांत विजेच्या लहरींचा अखंड गोंधळ दिसतो. झटका येत नसतानाही तो चालूच असतो. ज्या वयात मेंदू सर्वाधिक वेगाने शिकतो, त्याच वयात त्याला शिकू दिले जात नाही. हसणारे बाळ हसेनासे होते. आईकडे टक लावून पाहणारे बाळ नजर देत नाही. मान धरलेली असेल तर ती सैल पडते. झटक्यांपेक्षाही ही मागे जाणारी वाढ अधिक धोक्याची खूण आहे.

कारणे अनेक आहेत. जन्मताना प्राणवायू कमी पडणे, जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत रक्तातील साखर घसरणे, मेंदूच्या रचनेतील दोष, जनुकीय आजार. यांतील साखर घसरण्याचे कारण बऱ्याच अंशी टाळता येते. जन्मानंतर तासाभरात आईचे दूध आणि कमी वजनाच्या बाळाची साखर तपासणे, एवढी काळजी त्यासाठी घेता येते.

उपचारात मुख्य औषधे तीन. एसीटीएच हे इंजेक्शन, प्रेडनिसोलोन हे तोंडावाटे द्यायचे स्टिरॉइड आणि व्हिगाबॅट्रिन. ट्यूबरस स्क्लेरोसिस हा जनुकीय आजार असेल तर व्हिगाबॅट्रिन आधी निवडले जाते. प्रेडनिसोलोन हे जुने, स्वस्त आणि सहज मिळणारे औषध आहे. स्टिरॉइडच्या नावाने पालक घाबरतात आणि ती भीती अगदीच निराधार नाही. जंतुसंसर्ग, रक्तदाब, साखर यांवर लक्ष ठेवावे लागते आणि औषध मनाने एकदम बंद करता येत नाही. पण ठरावीक आठवड्यांच्या देखरेखीखालील उपचाराचा धोका आणि बाळाची वाढ कायमची खुंटण्याचा धोका, यांची तुलना केली पाहिजे. झटके ‘कमी झाले’ यावर समाधान मानू नये. ते पूर्ण थांबायला हवेत, ईईजीही सुधारायला हवा. साधारण दोन आठवड्यांत तसे झाले नाही, तर उपचार बदलावा लागतो. प्रत्येक बाळ पूर्ण बरे होईल असे नाही, कारण मूळ आजारावर बरेच अवलंबून असते. मात्र मूळ आजार आपल्या हातात नसला, तरी उशीर टाळणे आपल्या हातात असते.

इथे आरोग्ययंत्रणेकडे बोट दाखवावे लागते. सरकारी वेळापत्रकात बाळाला साडेतीन महिन्यांची लस मिळाली की पुढची लस थेट नवव्या महिन्यात असते. आजार सुरू होण्याचा काळ नेमका याच मोकळ्या जागेत येतो. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात घरी जाऊन बाळाची वाढ पाहतात. वजन, आहार, स्वच्छता यांबरोबर तिथे एक प्रश्न जोडायला हवा : ‘बाळ झोपेतून उठल्यावर एकामागून एक झटके देते का?’ या प्रश्नाला यंत्र लागत नाही की खर्च येत नाही. उत्तर ‘हो’ आले, तर मोबाइलवर व्हिडिओ घेऊन तो बालरोगतज्ज्ञाला त्याच दिवशी दाखवण्याची सोय हवी. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे आणि जिल्हा पातळीवर मुलांच्या वाढीतील अडचणींसाठी केंद्रे आहेत. पण तिथे बाळाच्या झोपेतला ईईजी काढणारा तंत्रज्ञ नसेल, तर केंद्राची पाटी पुरेशी नाही. एमआरआयच्या तारखेची वाट पाहत उपचार अडवून ठेवणेही योग्य नाही. कारणाचा शोध आणि उपचार बरोबरीने चालू शकतात.

पालकांनी एवढेच लक्षात ठेवावे. निरोगी बाळही दचकते, पण सहसा आवाजाने किंवा धक्क्याने आणि एखाद-दुसऱ्या वेळी. कारण नसताना, ओळीने, रोज, विशेषतः झोपेतून उठताना झटके येत असतील तर व्हिडिओ घ्यावा आणि एक-दोन दिवसांत बालरोगतज्ज्ञ गाठावा. ‘मोठे झाल्यावर आपोआप थांबेल’ असे कुणी म्हटले, तरी तो व्हिडिओ दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावा. झटके पुढे कधीतरी थांबतीलही, पण तोवर गेलेले महिने बाळाला परत मिळत नाहीत.