थुंकी निगेटिव्ह, डाग कायम

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वणी, मारेगाव, झरीकडे दोन आठवड्यांवर खोकला गेला की आधी टीबीच मनात येतो. यायलाच हवा. टीबी बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी महिन्याला 1000 रुपयेही मिळतात. माझी तक्रार पुढच्या पायरीची आहे. थुंकीत जंतू सापडत नाही, जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणीही निगेटिव्ह येते, तरी छातीच्या फोटोत डाग आहे म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि कोणी पुन्हा न बघता महिनोन् महिने चालतात. यातल्या काहींना टीबी नसतोच. फुप्फुसाचा कर्करोग असतो.

मी सरकारी नोकरीत आयुष्यभर छातीचे फोटो काढले. निदान करणे डॉक्टरांचे काम, तंत्रज्ञाचे नाही. पण रोज फिल्म हातात आली की डोळा तयार होतो. टीबीचा डाग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात, पिंजलेल्या कापसासारखा विसविशीत. कर्करोगाची गाठ त्या मानाने भरीव, कडेला काटेरी. कधी गाठ दिसतच नाही: आतली नळी बंद झाल्यामुळे फुप्फुसाचा एक भाग आकसतो, मुख्य श्वासनलिका त्या बाजूला ओढली जाते, छातीखालचा पडदा वर चढतो. कधी छातीत पाणी होते, काढले की पुन्हा भरते. सर्वांत फसवी असते ती पोकळी. टीबीत पोकळी होते, तशी स्क्वॅमस जातीच्या कर्करोगातही होते; फक्त तिची भिंत बहुधा जाड आणि आतून ओबडधोबड असते. हृदयामागची किंवा गळ्याच्या हाडाआडची गाठ साध्या फोटोतून निसटू शकते. म्हणून सीटी स्कॅन लागतो. आणि सीटीही संशयच सांगतो. खात्री होते ती तुकडा काढून तपासल्यावर.

तुकड्याला लोक फार घाबरतात. त्यानेच रोग पसरतो, असे गावोगाव ऐकले आहे. पण कर्करोगाची जात कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. लहान पेशींचा कर्करोग जवळजवळ नेहमी बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत होतो आणि झपाट्याने पसरतो. त्यात शस्त्रक्रियेची संधी क्वचितच मिळते. स्क्वॅमसही धुराचाच सोबती. अ‍ॅडिनोकार्सिनोमा मात्र बिडी न ओढणाऱ्यांतही होतो, बायकांतही. त्यात ईजीएफआर जनुकातला बदल सापडला, तर नेमक्या त्याच बदलावर काम करणारी गोळी देता येते.

मारेगाव तालुक्यातली एक बाई आठवते. फोटोला उभी राहताना म्हणाली, ‘भाऊ, मी तं कधी बिडीला हात नाही लावला.’ जन्मभर बिनखिडकीच्या घरात पऱ्हाटी-तुराटीच्या चुलीवर स्वयंपाक. टीबीच्या गोळ्या अर्ध्यावर आल्या होत्या आणि डाग पहिल्या फोटोपेक्षा मोठा झाला होता. लाकूडफाट्याच्या चुलीचा धूर बहुधा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था सांगते. डिझेलचा धूर 2012 पासून आणि बाहेरची प्रदूषित हवा 2013 पासून तिच्या ‘नक्की’च्या यादीत आहेत. वणीच्या कोळसा रस्त्यांवर राहणाऱ्यांना आणखी काय सांगायचे? दगडाच्या बारीक धुळीतली सिलिकाही त्याच यादीत आहे. तरी सर्वांत मोठा गुन्हेगार तंबाखूचा धूरच. मुंबईच्या रुग्णांचा अभ्यास करून जस्सावाला आणि जैन या संशोधकांनी 1979 मध्येच बिडीकडे बोट दाखवले होते.

खोकल्याबरोबर ही लक्षणे दिसली, तर कर्करोगाचाही संशय घ्या: थुंकीतून रक्त, तीन आठवडे बसलेला आवाज, खांद्यात आणि दंडात न थांबणारे दुखणे, चेहऱ्यावर-मानेवर सूज, फुगलेली बोटांची टोके, उतरलेले वजन. खांदा दुखला की आपल्याकडे शेतकामावर ढकलतात आणि तेल चोळतात.

माझी मागणी साधी आहे. जंतू न सापडता टीबीचा उपचार सुरू केला, तर दोन महिन्यांनी फोटो पुन्हा काढणे सक्तीचे करा. डाग कमी झाला नसेल, तर त्याच दिवशी सीटीसाठी चिठ्ठी द्या. चाळिशीपुढचा बिडी ओढणारा असेल आणि थुंकीत रक्त असेल, तर दोन महिनेही थांबू नका. वणीहून यवतमाळचे वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालय शंभराहून जास्त किलोमीटर. मजुराची रोजी बुडते, म्हणून तपासणीची तारीख आधी ठरवून मगच त्याला पाठवा. डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या टीबी मोहिमेत उचलून नेता येणारी एक्स-रे यंत्रे वस्त्यांपर्यंत गेली. अशा फोटोंत टीबी नाही पण गाठ आहे, असे दिसले तर पुढे कोणी बघायचे, हे लेखी ठरले पाहिजे. कर्करोगाच्या उपचाराला महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. रुग्ण वेळेत पोचला तरच तिचा उपयोग.

घरात कोणाचा उपचार चालू असेल, तर पहिला फोटो जपून ठेवा. पुढच्या खेपेला दोन्ही फोटो घेऊन जा आणि डॉक्टरांना विचारा: डाग कमी झाला का? नसेल, तर सीटी कधी?