मंजुरी आषाढांत, रक्कम फाल्गुनांत

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतील आदिवासी तरुण पदवी घेऊन पुढें शिकूं पाहतो, ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. बोर्डीस १९२० सालीं माध्यमिक शाळा निघाली; १९४५ सालीं ताराबाई मोडकांनीं तेथेंच ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें, आणि अनुताई वाघांच्या हातून तें पुढें कोसबाडच्या टेकडीवर रुजलें. आज तलासरींत गोदावरी शामराव परुळेकर यांच्या नांवाचें महाविद्यालय उभें आहे. ज्याचा आजा कागदावर अंगठा उठवीत असे, तो नातू एम्. ए. चा वा एम्. एस्सी. चा अर्ज स्वतःच्या हातानें भरितो. परंतु पदवीचा उंबरठा ओलांडल्यावर त्याच्या पाठीशीं कोण उभें आहे, हें आमच्या बाजारपेठेंतील सुशिक्षित गृहस्थांनीं कधीं नीट पाहिलें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

सरकार आहे, असें उत्तर तत्काळ येईल. आणि तें खोटें नाहीं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति आहे, वसतिगृहें आहेत. ज्यांस वसतिगृहांत जागा मिळत नाहीं त्यांच्यासाठीं २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. संशोधन करणाऱ्या अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांस देशभरांतून वर्षाला ७५० राष्ट्रीय अधिछात्रवृत्त्या ठेवलेल्या आहेत. डहाणूंत आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरीच आहे. आणि हें सारें उपकार म्हणून दिलेलें नाहीं. दुर्बल वर्गांच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी राज्यानें घ्यावी असें घटनेचें ४६वें कलम सांगतें. तेव्हां मंजूर झालेली शिष्यवृत्ति ही भिक्षा नसून येणें आहे. व्यापाऱ्यांस ‘येणें’ या शब्दाचा अर्थ आम्हीं शिकवावा असें नाहीं. वेळेवर न आलेलें येणें पेढीचें काय करितें हेंही त्यांस ठाऊक आहे.

दुखणें नेमकें येथेंच आहे. प्रवेश पावसाळ्याच्या तोंडीं होतात. खोलीवाला अनामत त्याच दिवशीं मागतो. खाणावळवाला महिना संपतांच हात पुढें करितो. सरकारी रक्कम मात्र अर्ज, पडताळणी, त्रुटि, पुन्हां अर्ज, केंद्राचा हिस्सा, राज्याचा हिस्सा अशीं स्टेशनें घेत घेत येते, आणि पुष्कळदां वर्ष सरत आल्यावर खात्यांत पडते. २०१८ च्या जुलैंत आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायीं निघाले होते, तें कशासाठीं? वसतिगृहांतील भोजन बंद करून त्याचे पैसे खात्यांत देण्याचा निर्णय झाला म्हणून. पैसे येतील तेव्हां येतील, पण रात्रीचें जेवण आजच लागतें, इतकाच त्यांचा साधा हिशेब होता.

रकमेचाही हिशेब पाहूं. स्वयं योजना आखली गेली तेव्हां मुंबई, ठाणें, पुणें यांसारख्या शहरांसाठीं वर्षाला ६०,००० रुपये धरले गेले: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. निवासाचे वीस हजार बारा महिन्यांवर वांटले तर महिन्यास १,६६७ रुपये पडतात. एवढ्या भाड्यांत मुंबईंत खोली दाखवील असा दलाल आमच्या पाहण्यांत नाहीं. मग रोज घरून जावें म्हटलें, तर २०१३ च्या एप्रिलपासून डहाणू रोडपर्यंत लोकल आली हें खरें. पण चर्चगेट तेथून सव्वाशें किलोमीटरांच्या आसपास, आणि तलासरीस तर रेल्वेच नाहीं. पहाटे पाड्यावरून निघालेली मुलगी प्रयोगशाळेंत पोंचेपर्यंत अर्धी दमलेली असते, आणि दिवेलागणीनंतर तिला परत पाड्यावर नेणारें वाहन मिळेलच असें नाहीं. अशा वेळीं शिक्षण कोणाचें प्रथम सुटतें, मुलाचें कीं मुलीचें, तें सांगण्याची गरज नसावी.

या प्रांतांत कर्जाचा इतिहास काळा आहे, तो विसरतां येत नाहीं. लग्नासाठीं घेतलेल्या उसनवारीपायीं वारली जोडप्यानें जमीनदाराच्या घरीं लग्नगडी म्हणून राबावें, पावसाळ्यांत घेतलेली खावटी दामदुपटीनें फेडावी, हें येथें घडत होतें. सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालांत मुंबई इलाख्यांतील आदिवासींच्या या गुलामगिरीचें वर्णन आहे. १९४५ सालीं तलासरीजवळच्या झरी गांवीं वारली एकत्र जमले व पुढें वेठीविरुद्ध उठले, तें याचसाठीं. म्हणून त्यांच्या नातवंडांस ‘बँकेचें कर्ज काढा’ असा सल्ला देणाऱ्यांनीं जरा जपून बोलावें. ज्या घरानें कर्जांत माणूस गहाण पडलेला पाहिला, तें घर शिक्षणासाठींही कर्जाच्या कागदावर सही करण्यास कचरतें, यांत त्याचें अज्ञान नाहीं, स्मृति आहे.

तथापि राज्याची मदत आणि शेजाऱ्याची मदत यांत विरोध नाहीं. डॉ. आंबेडकरांस १९१३ सालीं सयाजीराव गायकवाडांनीं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति दिली व ते न्यूयॉर्कास गेले, हें सर्वांस ठाऊक असतें. १९१७ सालीं ती मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धाच टाकून त्यांस परतावें लागलें, याची आठवण कमी ठेवली जाते. शिवाय बडोद्यांत नोकरीवर रुजू झालेल्या या विद्वानास राहावयास जागा मिळेना! १९२० सालीं ते पुन्हां लंडनास गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारांतून साठविलेल्या पैशांवर, शाहू महाराजांच्या साहाय्यावर आणि नवल भथेना या पारशी मित्रानें दिलेल्या कर्जावर. दरबाराची शिष्यवृत्ति जेथें थांबली तेथून पुढें मित्राचा पैसा कामीं आला.

आम्ही डहाणूच्या व घोलवडच्या व्यापाऱ्यांपुढें मागणी ठेवितों ती एवढीच. चिकूच्या बागेस हंगामापूर्वी बयाणा देणारा व्यापारी फळ पिकेपर्यंत थांबतो. त्यास कोणी दानशूर म्हणत नाहीं. त्याच रीतीनें ज्याची शिष्यवृत्ति मंजूर झाली आहे त्यास मंजुरीच्या कागदावर सहा-आठ महिन्यांची उचल बिनव्याजी द्यावी, आणि रक्कम जमा होतांच परत घ्यावी. जामीन म्हणून जमीन, दागिना वा बापाची मजुरी कांहीं एक मागूं नये. निधि फिरता राहील. एकदां दिलेली वर्गणी वर्षानुवर्षें कामास येईल. कांहीं रक्कम बुडेल हें आम्हीं नाकारीत नाहीं. बुडित खातें कोणत्या पेढीस नसतें?

पैशाइतकीच कागदाची अडचण आहे. जातीचा दाखला, त्याची वैधता, उत्पन्नाचा दाखला, आधाराशीं जोडलेलें खातें, यांतील एक धागा तुटला कीं वर्ष जातें. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वयें अधिसूचित दाखल्यांस मुदत ठरलेली आहे, आणि ती टळल्यास अपिलाचा मार्ग आहे; विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं मूळ प्रमाणपत्रें अडकवून ठेवूं नयेत असें संस्थांस बजाविलें आहे. हे हक्क पाड्यावरच्या मुलास कोणी सांगितले आहेत काय? वकील मंडळींनीं आठवड्यांतून एक दुपार यासाठीं काढली तर त्यांच्या फीचें फारसें नुकसान होणार नाहीं.

‘आमचा यांत काय संबंध?’ असें कोणी विचारील. चैत्रांत महालक्ष्मीच्या यात्रेंत जो गल्ला भरतो, तो बव्हंशीं कोणाच्या कनवटीचा असतो, हें त्यानें आपल्या वहींत पाहावें. तलासरी तालुक्यांत २०११ च्या जनगणनेप्रमाणें दहांतील नऊ माणसें आदिवासी आहेत. डहाणूंत तीं दोन-तृतीयांशांहून अधिक. वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ च्या ऑगस्टांत झाली. त्या बंदराच्या कचेऱ्यांत, प्रयोगशाळांत व विधि-विभागांत खुर्चीवर बसणारीं माणसें या दोन तालुक्यांतून जाणार, कीं येथील मुलांनीं केवळ फाटकावर पहारा करावयाचा, हें येत्या पांच-सात वर्षांतील एम्. ए., एम्. एस्सी. च्या वर्गांत ठरणार आहे.

प्रवेशाचे दिवस जूनपासून सुरू होतात. निधीची घटना, विश्वस्तांचीं नांवें आणि डहाणू रोड स्थानकाजवळ अर्ज भरून देणाऱ्या कारकुनासाठीं एक टेबल व एक संगणक, इतकी व्यवस्था मे महिना संपण्याच्या आंत व्हावी. तलासरीसाठीं दुसरें टेबल लागेल. तेथील मुलानें निव्वळ एका सहीसाठीं बसभाडें खर्चून डहाणूस यावें, हें आम्हांस मान्य नाहीं.