हाती दोन एक्के, पण चाल किती?

पत्त्यांचे नाव काढले की आपल्याकडे लगेच दोन पक्ष पडतात. एका पक्षाच्या मते पत्ते म्हणजे जुगार आणि जुगार म्हणजे सर्वनाश. दुसऱ्या पक्षाच्या मते हा बुद्धीचा खेळ आहे आणि त्याला नावे ठेवणारे सारे जुन्या वळणाचे. पोकर या अमेरिकन खेळाविषयीचा हा वाद कट्ट्यापासून संसदेपर्यंत पोचला आहे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असा निर्वाळा दिला होता. उलट २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने इंटरनेटवर पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला. या साऱ्या वादात एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. हे कौशल्य आहे, मान्य. पण नेमके कशाचे कौशल्य? माझ्या मते याचे उत्तर खेळातील एका लहानशा बाबीत दडले आहे. ती बाब म्हणजे उत्तम पत्ते हाती आल्यावर चाल किती करायची.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. ‘टेक्सास होल्डेम’ या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग मध्यभागी तीन, नंतर एक आणि शेवटी आणखी एक असे पाच पत्ते सर्वांसाठी उघडले जातात. आपले दोन आणि हे पाच मिळून ज्याचा पाच पत्त्यांचा संच सरस, त्याचा डाव. चाली होण्याच्या वेळा चार. ‘नो लिमिट’ म्हणजे कोणत्याही वेळी आपल्यापुढचा सारा ढीग लावण्याची मुभा. आपल्या तीन पत्तीत जसा बूट असतो, तशी येथे दोघांना पत्ते पाहण्यापूर्वीच सक्तीची रक्कम टाकावी लागते. १९७० साली लास व्हेगास येथे या खेळाची जी जागतिक स्पर्धा सुरू झाली, तिचा मुख्य सामना याच प्रकाराने खेळला जातो.

बावन्न पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या जोड्या १,३२६ होतात आणि त्यांत एक्क्यांच्या जोड्या फक्त ६. म्हणजे दर २२१ वाटपांत सरासरी एकदा दोन एक्के हाती येतात. सुरुवातीला याहून चांगले पत्ते नाहीत. आता असे समजा की आपण सहा जण चिंचोके घेऊन बसलो आहोत. सक्तीचा एक आणि दोन असे तीन चिंचोके मध्ये पडले आहेत आणि आपल्या हाती दोन एक्के आले आहेत. नवशिका साहजिकच आनंदाने चाळीस चिंचोके पुढे सारतो. परिणाम काय? सारे पॅक होतात आणि २२१ वाटपांनी आलेल्या या भाग्याचे मोल तीन चिंचोके ठरते. दुसरा नवशिका पहिल्याच्या फजितीने सावध होऊन चारच टाकतो. ज्याने आधीच दोन टाकले आहेत, त्याला आता आणखी दोन टाकून मधल्या सातांवर हक्क सांगता येतो. इतक्या स्वस्तात कोण मागे राहील? एकामागून एक सारे आत येतात.

येथे गणित पाहण्यासारखे आहे. कोणतेही पत्ते घेऊन बसलेल्या एकाच प्रतिस्पर्ध्यापुढे दोन एक्के शेवटपर्यंत नेले, तर ते शंभरात सुमारे ८५ वेळा जिंकतात. असे तीन प्रतिस्पर्धी असले तर सुमारे ६४ वेळा, पाच असले तर ४९ च्या आसपास आणि नऊ असले तर जेमतेम ३१ वेळा. माणसे वाढली की डावही मोठा होतो, तेव्हा केवळ या आकड्यांवरून तोटा सिद्ध होत नाही, हे खरे. पण स्वस्तात आत आलेला मनुष्य मधले पत्ते पाहून बिनसले तर पॅक होतो आणि जमले तरच पुढे पैसे घालतो. आपल्याला मात्र कोणाचे जमले हे कळत नाही. म्हणून पुष्कळ काळ सक्तीच्या मोठ्या रकमेच्या तिप्पट, म्हणजे येथे सहा, ही चाल रूढ राहिली. आत येणाऱ्याला किंमत मोजावी लागावी, पण त्याने पळूनही जाऊ नये, असा तो मध्य आहे.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. समजा, सहाच्या चालीवर हाती दोन पंजे असलेला एक जण आणखी चार चिंचोके टाकून आत आला. मधल्या पहिल्या तीन पत्त्यांत त्याला तिसरा पंजा मिळण्याची शक्यता साडेआठात एक. म्हणजे सतरा वेळा त्याने हा उद्योग केला तर पंधरा वेळा चार-चार असे साठ चिंचोके जाणार आणि दोनदा जमणार. तेव्हा त्या दोन वेळांत त्याला प्रत्येकी तीस तरी मिळायला हवेत. आपल्यापुढे आणखी पंधराच चिंचोके उरले असतील तर मधले नऊ धरूनही चोवीसच होतात आणि त्याचा हिशेब साधारणपणे फसतो. आपल्यापुढे दोनशे असतील, आणि एक्क्यांच्या मोहाने आपण ते सारे लावणारे असू, तर मात्र त्याचे आत येणे शहाणपणाचे ठरते. म्हणजे चालीचा आकार केवळ आपल्या पत्त्यांवर ठरत नाही. पुढ्यातले ढीग आणि समोरच्याचा स्वभावही त्यात धरावे लागतात.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. भाषेच्या अंगाने या खेळाकडे पाहणे आपल्याला अधिक जवळचे. चाल हे एक विधान असते. एक्के आले की दहा आणि साधे पत्ते आले की चार, असे जो करील त्याचे पत्ते अर्ध्या तासात साऱ्या टेबलाला पाठ होतात. म्हणूनच कसलेला खेळाडू भल्या आणि बऱ्या पत्त्यांवर सारखीच चाल करतो. त्याचे विधान खोटे नसते, पण त्यातून काही कळतही नाही. जॉन फॉन नॉयमान आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात पोकरचे सुलभ रूप घेऊन हेच गणिताने मांडले. मोठी चाल उत्तम पत्त्यांबरोबर कधी कधी अगदी रद्दी पत्त्यांवरही करायला हवी, नाहीतर उत्तम पत्त्यांना कोणी पैसे देणार नाही. २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्ग येथे ‘लिब्राटस’ या संगणकाच्या कार्यक्रमाने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले. डावावरच्या रकमेच्या कित्येक पट चाली तो निर्विकारपणे करी आणि त्यांमागे कधी भक्कम पत्ते असत, कधी काहीच नसे.

तेव्हा येथे कौशल्य आहे यात शंका नको. गणित आहे, मानसशास्त्र आहे आणि संयमही आहे. परंतु आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एक्के हाती असताना ‘योग्य’ चाल कोणती? समोरचा जी मोठ्यात मोठी रक्कम चुकून देईल, ती! याला दुसरी व्याख्या नाही. डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन लेखकाने पोकरचा मूलभूत सिद्धांत म्हणून जे मांडले त्याचे सार असे की, समोरचे पत्ते दिसत असते तर मनुष्य जसा खेळला असता त्याहून वेगळे खेळण्यास त्याला भाग पाडणे, यातच आपला लाभ असतो. म्हणजे कौशल्य ते दुसऱ्याकडून चूक करवून घेण्याचे, आणि त्या चुकीची किंमत त्याच्या ऐपतीच्या शेवटच्या टोकापर्यंत वसूल करण्याचे.

कोणी म्हणेल, बुद्धिबळातही प्रतिस्पर्ध्याच्या चुकीवरच डाव जिंकतात. खरे आहे, पण बुद्धिबळात हरलेला मनुष्य घरी जाताना राजा आणि वजीर हरवून जातो, महिन्याचे भाडे नव्हे. कोणी म्हणेल, व्यापारही असाच चालतो. पण सचोटीच्या व्यापारात दोघांच्याही हाती काही येते. पोकरच्या टेबलावर नवे धान्य पिकत नाही. एकाचे दुसऱ्याकडे जाते आणि मधून अड्डेवाला आपली नाल काढतो. म्हणून सर्वांच्या जमाखर्चाची बेरीज केली तर ती शून्याखालीच येते. ‘हा कौशल्याचा खेळ आहे, म्हणून निर्धास्त या’ असे नवख्याला सांगणे ही फसवणूक आहे, कारण ज्या खेळात कौशल्य अधिक त्यात नवखा अधिक खात्रीने लुटला जातो. सभापर्वातला शकुनी कुशल नव्हता असे कोण म्हणेल? धर्मराजाला फासे कळत नव्हते आणि थांबणेही कळत नव्हते. शकुनीच्या कौशल्याने ते द्यूत निर्दोष ठरले नाही.

आणि कुशल मनुष्य तरी सुरक्षित असतो काय? ८५ या आकड्याच्या पलीकडे १५ उरतात. सातांत एकदा तरी जगातले सर्वोत्तम पत्ते एका अनोळखी जोडीपुढे हरणार. ज्याने त्या एका वेळी फीचे पैसे मध्ये टाकले असतील, त्याला उरलेल्या सहा वेळा खेळायला मिळतच नाहीत. सरासरी ही टिकून राहणाऱ्यांसाठी असते, हे वाणिज्य शाखेच्या मित्रांना सांगावे लागत नाही; आपल्यालाच पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

म्हणून माझे मत असे की या खेळाला पाप म्हणून झाकून ठेवू नये आणि कौशल्य म्हणून त्याची आरतीही करू नये. संभाव्यता शिकवण्यासाठी याहून चांगले साधन क्वचितच सापडेल. गणिताच्या प्राध्यापकांनी एखादा तास खुशाल बावन्न पत्ते घेऊन वर्गावर यावे. चाल करताना मात्र आपल्यापुढे चिंचोकेच असावेत. दोन एक्क्यांवर किती लावावे हे तेवढ्यानेही पुरते शिकता येते, आणि हरणाऱ्याला त्या रात्री घरी काय सांगावे हा विचार करावा लागत नाही.